पाना फिरायला जागा

आमच्या तुकडीत एक दंतवैद्य होते, विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा, मालवाहू विमानं चालवणारा एक वैमानिक, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आलेलं एक जोडपं (भेट नेमकी कोणी कोणाला दिली यावर त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही) आणि मी. शुक्रवारी सकाळी ओळखीपाळखी झाल्या, सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. आम्हा सगळ्यांचे हात मऊ होते. शिकवणाऱ्या दोघांचे तसे नव्हते. त्यांतल्या थोरल्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कधीकाळी चेंगरून पुन्हा वेडंवाकडं उगवलेलं होतं, आणि हात मिळवताना हा माणूस आपली ताकद राखून वापरतोय हे कळत होतं. मी मनातल्या मनात त्यांना मोठे मास्तर आणि धाकटे मास्तर अशी नावं देऊन टाकली.

वर्ग किट कार जोडण्याचा. चॅसी, बॉडी, पत्रे, सस्पेन्शनचे भाग, वायरिंग हे सगळं कंपनीकडून खोक्यांतून येतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल बरेच जण एखाद्या जुन्या फोर्ड मस्टँगमधून काढून घेतात, काही जण नवे विकत आणतात. मग आपल्या गॅरेजात शनिवार-रविवार घालवून त्या ढिगाऱ्याची गाडी करायची. एवढा पसारा घरात आणण्याआधी जाणत्या माणसाच्या नजरेखाली एकदा अख्खी गाडी जोडून पाहावी, म्हणून हा शुक्रवार ते रविवारचा वर्ग. जागा मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर, मॉट कम्युनिटी कॉलेजचं वर्कशॉप. माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत.

मला किट घ्यायची नव्हती. मी बोल्टसाठी गेले होते.

डेट्रॉईटच्या आसपास ट्रॉय, नोव्हाय, ऑबर्न हिल्स ही जी उपनगरं आहेत तिथे मराठी बोलणारा गाडी-इंजिनिअर शोधावा लागत नाही. इंडियन ग्रोसरीत ढकलगाडीला ढकलगाडी आपटली तर समोरचा ‘सॉरी’च्या आधी ‘अरेच्चा’ म्हणण्याची शक्यता बरीच असते. त्या गर्दीतली मी एक. गाडीचा अमुक भाग किती बोल्टनी धरायचा, बोल्ट किती जाड, किती आवळायचा, हे संगणकावर तपासणं हे माझं काम. बोल्टची गंमत अशी की आपण पान्यावर जेवढा जोर लावतो त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत घासण्यात. राहिलेल्या दहाएक टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो, आणि जोड टिकतो तो तेवढ्यावर. म्हणूनच आट्यांना तेल लागलं की घर्षण घटतं आणि टॉर्कचा आकडा तोच ठेवला तरी बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. हे मी असंख्य रिपोर्टांत लिहिलं आहे. लिहिताना हातात माऊस होता.

याचं कारण घरात आहे. आमचे अण्णा टेल्कोत अप्रेंटिस म्हणून लागले आणि पिंपरीच्या कारखान्यातूनच निवृत्त झाले. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत मोरीच्या कडेला एका डबीत लाकडाचा भुसा आणि कपडे धुण्याची पावडर कालवून ठेवलेली असे. पाळीवरून आले की अण्णा त्याने हात चोळत. तरी नखांच्या कडा काळ्या राहतच. मी आणि भाऊ अभ्यासाला बसलो की आईचं एकच वाक्य: शिका, म्हणजे हाताला काळं लागायचं नाही. आम्ही शिकलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानशीने एक जॉब घासला, दुसऱ्या एका जॉबवर आटे पाडले, ते आणि शेवटचं. त्यानंतर मी कशालाही हात न लावता गाड्या बनवत आले आहे, आणि आईच्या हिशेबाने पाहिलं तर तो तिचा विजय आहे.

वर्गाला जाण्याआधी अण्णांना फोनवर सांगितलं.

“काम काय काय करायचं?”

“सगळं. पुढचं सस्पेन्शन, ॲक्सल, ब्रेकचे पाइप, इंजिन चढवायचं.”

“आणि रोज काय देणार?”

“अण्णा, ते नाही देत. मी फी भरली आहे.”

पलीकडे एवढी शांतता झाली की मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, “बरं. बूट घालून जा. चपला नको.”

आम्ही जोडणार होतो ती कोब्राची प्रतिकृती. कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा माणूस. कोंबड्यांच्या धंद्यात बुडालेला, मग शर्यतीत नाव काढलेला, १९५९ साली ॲस्टन मार्टिन चालवून ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेला. हृदयाच्या दुखण्याने शर्यती सुटल्या तेव्हा त्याने इंग्लंडमधल्या थेम्स डिटनच्या एसी कंपनीची हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी घेतली आणि १९६२ मध्ये तिच्यात फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. अशा गाड्या झाल्या जेमतेम हजारभर. त्यातली अगदी पहिली २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. तेव्हा आज रस्त्यावर कोब्रा दिसली तर ती नक्कल आहे असं खुशाल धरून चालावं. नकलांच्या या धंद्यातली मॅसॅच्युसेट्समधली फॅक्टरी फाइव्ह ही मोठी कंपनी १९९५ मध्ये दोघा भावांनी काढली. आमच्यासमोरची किट त्यांचीच.

ब्रिटनमध्ये किट कार फोफावली ती हौसेइतकीच करामुळे. तयार गाडीवर तिथे परचेस टॅक्स असे, सुट्या भागांवर नसे. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ पासून अशीच खोक्यांतून घरोघरी जाऊ लागली. सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागणार. म्हणून, असं सांगतात, लोटसने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या खालून वर वाचायच्या. १९७३ मध्ये व्हॅट आला, सवलत गेली, आणि त्याच वर्षी लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅमला देऊन टाकले. आपल्याकडचा कोणताही सीए या युक्तीपुढे हात जोडेल.

आमचं पहिलं कामही सुटं करण्याचंच होतं. किट येते तेव्हा बॉडी चॅसीवर ठेवलेली असते. ती फायबरग्लासची अख्खी बॉडी आम्ही चारी बाजूंनी धरून उचलली आणि लाकडी घोडीवर ठेवली. मग ॲल्युमिनियमचे पत्रे. ते तात्पुरते अडकवलेले असतात. प्रत्येकाच्या मागे नळी कुठून जाते त्याची पेन्सिलने रेघ मारायची, नाव लिहायचं, काढून ठेवायचं. मागाहून त्या रेघांच्या मधोमध दोन-दोन इंचांवर भोकं पाडायची, नळीवर सिलिकॉनची धार सोडायची आणि रिव्हेट मारायचे. दंतवैद्यांचं ड्रिलिंग सगळ्यांत सुबक होतं. त्यांना हे कोणी बोलून दाखवण्याआधी त्यांनी स्वतःच दोनदा सांगितलं.

पुढचं सस्पेन्शन मी आणि वैमानिकाने जोडलं. खालचा आर्म, वरचा आर्म, मधे स्पिंडल, तिरका बसवलेला शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. हे भाग मी पडद्यावर किती वेळा गरगर फिरवले असतील! पडद्यावर त्यांना वजन नसतं. इथे एका हाताने आर्म तोलून धरायचा, दुसऱ्या हाताने बोल्ट रेटायचा, आणि वायसर तिसऱ्या हातात, जो नसतो. बुश थोडा रुंद असतो, ब्रॅकेट थोडं अरुंद असतं. पडद्यावर दोन्ही एकाच मापाचे असतात. धाकट्या मास्तरांनी रबरी हातोडी दिली. ठोकून बसवणं हा प्रकार माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

पण खरा धडा ड्रायव्हरच्या पायाशी होता. तिथे क्लच-ब्रेकचे पेडल, मास्टर सिलिंडर, स्टिअरिंगची दांडी आणि वायरी अशा सगळ्यांची एका अरुंद पेटीत दाटी. त्या पेटीचे पत्रे शेवटी लावतात, कारण एकदा ते लागले की हात जात नाही. मोठ्या मास्तरांनी मला एक नट दाखवला आणि म्हणाले, आवळ. पाना लावला, तो थोडा फिरून नळीला टेकला. त्यांनी माझ्या हातातला पाना काढून उलटा केला आणि परत दिला. डबल एंड पान्याचं तोंड दांडीला १५ अंश तिरकं असतं. दर खेपेला पाना पालथा करून लावला, तर षटकोनी नटाला ३० अंश फिरायची जागाही पुरते. पान्याचा तो तिरकेपणा मी जन्मापासून पाहत आले होते. अण्णांच्या पेटीत असे पाने ओळीने असत. तो तसा का, हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

ड्रॉइंगमध्ये गाडीचे सगळे भाग एकाच वेळी आपापल्या जागी असतात. प्रत्यक्षात ते एकामागून एक येतात आणि आधी आलेला नंतर येणाऱ्याची वाट अडवतो. जोडणीची निम्मी अक्कल या क्रमात आहे. ब्रेकचा पाइप पत्र्याआधी की नंतर, स्टिअरिंगची दांडी इंजिनाआधी की नंतर, याची उत्तरं पुस्तिकेत असतात. पण ती उत्तरं मुळात कोणाच्या तरी सोललेल्या बोटांतून पुस्तिकेत आलेली आहेत.

जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्या मास्तरांबरोबर त्यांच्या ट्रकमधून सँडविच आणायला गेले. त्यांनी मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेलं असावं. फ्लिंट म्हणजे जनरल मोटर्सचं माहेर. विल्यम ड्युरंट आधी इथे घोडागाड्या बनवायचा, त्याने १९०८ मध्ये ही कंपनी काढली. १९३६च्या डिसेंबरात इथलेच कामगार कारखान्याच्या आत ठाण मांडून बसले. फेब्रुवारीत कंपनीने युनायटेड ऑटो वर्कर्स युनियनला मान्यता दिली तेव्हाच उठले. अमेरिकेतल्या गाडीकामगाराला पुढे जे घर, जी पेन्शन, जो दवाखाना मिळाला त्याची मुळं त्या चव्वेचाळीस दिवसांत आहेत. १९७०च्या दशकात या एका गावात जीएमचे ऐंशी हजारांच्या आसपास कामगार होते. आज त्याचा एक छोटासा हिस्सा उरला आहे. १९६० मध्ये गावाची वस्ती दोन लाखांना टेकली होती, २०२०च्या जनगणनेत ती एक्याऐंशी हजारांवर आली. ब्यूक सिटी हा अवाढव्य कारखाना १९९९ मध्ये बंद झाला.

मास्तर या आकड्यांपैकी एकही बोलले नाहीत; ते मी वाचलेले. ते बोलले पाण्याबद्दल. २०१४च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचं पाणी फ्लिंट नदीवर वळवलं आणि जुन्या पाइपांतलं शिसं लोकांच्या पोटात जाऊ लागलं, हे जगाला ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात जीएमच्या इंजिन कारखान्याने ते पाणी वापरणं थांबवलं, कारण त्याने इंजिनाचे भाग गंजत होते. माणसं ते पाणी त्यानंतरही वर्षभर पीत होती. “इंजिनं आमच्यापेक्षा महाग,” एवढं बोलून त्यांनी गिअर बदलला.

परतताना मी विचारलं, कारखान्याच्या लाइनवर किती वर्षं होतात? त्यांनी आकडा सांगितला, मग म्हणाले, “पण मी गाडी कधी बनवली नाही. मी डावं दार बनवलं.” दर मिनिटाला एक दार यायचं. गाडी पुढे जायची, पुढचं दार यायचं. आपल्या हाताने अख्खी गाडी त्यांनी पहिल्यांदा जोडली ती या वर्गात शिकवायला लागल्यावर. मी म्हटलं, मीही गाडी बनवलेली नाही, मी बोल्ट बनवते, तेही कागदावर. त्यांना हे फारच विनोदी वाटलं. वर्कशॉपमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी ते सगळ्यांना सांगून टाकलं.

एका गोष्टीचा मात्र मला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. ज्यांचं पोट या कामावर होतं त्यांनी मुलांना यातून बाहेर काढण्यासाठी जिवाचं रान केलं. बाहेर पडलेली मुलं आता फी भरून आत येतात, स्वच्छ टी-शर्टवर ग्रीसचा डाग पडला की त्याचा फोटो काढतात. आणि हे घडतं तेही अशा गावात, जिथे हेच काम हजारो घरांतून निघून गेलं. वैमानिकाला मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “मग मासेमारीचं काय? कोळी पोटासाठी धरतो, मी सुट्टीत धरतो. यात वाईट काय?” वाईट काही नाही. पण सुट्टीत मासा लागला नाही तरी वैमानिकाची चूल पेटते. लाइनवरच्या माणसाला दर मिनिटाला दार येतं. आम्हाला चहा प्यायला वेळ होता, एकच बोल्ट तिघांनी बघायला वेळ होता. अख्खी गाडी पाहायला मिळणं ही चैन आहे, आणि ती कामाची नाही, फुरसतीची आहे.

मागचा ॲक्सल चढवताना धाकट्या मास्तरांनी एक भर घातली. ज्या चार्ल्स स्टुअर्ट मॉटचं नाव या कॉलेजला आहे, तो मूळचा ॲक्सलवाला. त्याचा चाकांचा आणि ॲक्सलचा कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात होता. ब्यूकला ॲक्सल पुरवण्यासाठी तो उचलून फ्लिंटला आणला. पुढे तो जीएमचा मोठा भागधारक झाला आणि गावाला शाळा-कॉलेजांसाठी पैसा देत राहिला. आम्ही त्या बोजड ॲक्सलला जॅक लावून इंच इंच वर चढवत होतो, त्यामुळे दानशूर मॉटबद्दल त्या घटकेला कोणी फार हळवं झालं नाही.

शनिवारी दुपारी इंजिन. आधी इंजिन आणि गिअरबॉक्स खाली एकमेकांना जोडले, मग क्रेनच्या साखळीला टांगले. शेपटीकडची बाजू खाली झुकवून ते धूड समोरून आत घ्यायचं: गिअरबॉक्सची शेपटी मधल्या बोगद्यात, इंजिन दोन माउंटांवर. एक जण क्रेनचा दांडा सांभाळतो, दोघं बाजूने हात देतात, एक जण गाडीखाली पडून “अजून, अजून, बस” ओरडतो. जोडप्यातल्या पत्नीच्या हातात क्रेन होती, नवरा खाली पडला होता. तिने म्हटलं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हा मी सांगेन तिथे गप्प पडून आहे. इंजिन इतकं मागे बसतं की ॲक्सलपर्यंतचा प्रॉपेलर शाफ्ट हातभरही लांब नसतो. तो हातात घेऊन पाहिला तेव्हा गाडीचा सगळा स्वभाव कळला. पुढे नाक लांब, मागे माणसं आणि त्यांच्या पाठीला टेकून चाकं.

मग टॉर्कचा पाना आला आणि मी ज्यासाठी गेले होते ते झालं. मोठ्या मास्तरांनी व्हाइसमध्ये धरलेल्या एका लोखंडी ठोकळ्यावर दोन सारखे बोल्ट दाखवले, एक कोरडा, एकाला तेल. दोन्ही त्याच आकड्याला आवळायला सांगितले. कोरडा बोल्ट कुरकुरत आला, शेवटच्या वळणात अडखळला, पान्याने टक् केलं. तेलाचा सरळ आला, गुळगुळीत, आणि टक् होण्याआधी कितीतरी पुढे फिरला. ते पुढे फिरणं म्हणजे बोल्टचं ताणणं. माझ्या रिपोर्टांतला घर्षणाचा गुणांक मनगटाला असा लागतो तर! दहाएक टक्क्यांचं गणित मला पाठ होतं, पण त्या दहा टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना किती अंदाजपंचे असतं ते त्या दोन बोल्टनी दाखवलं. टॉर्कच्या पान्याने नीट काम केलं तरी बोल्टमधला ताण पाव हिश्शाने इकडेतिकडे होऊ शकतो. आम्ही ती तफावत गृहीत धरूनच जोड ठरवतो. गृहीत धरणं वेगळं, हाताला लागणं वेगळं.

आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारायची होती, बोल्टपासून खालच्या भागापर्यंत सलग. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते, आणि रेघ नसेल तर तो बोल्ट राहिलाय. रात्री घरी आल्यावर चिंचवडला रविवारची सकाळ झालेली. अण्णांनी फोन उचलताच विचारलं, “आवळल्यावर खूण केलीस का?” मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? “अगं, ज्याने आवळला त्यानेच खूण करायची. दुसऱ्याने मारलेली खूण खोटी.” मग इंजिन कसं चढवलं, साखळी कुठे बांधली, माउंटचे बोल्ट आधी सैल ठेवले की नाही, अशी उलटतपासणी झाली. इतका वेळ अण्णा माझ्याशी माझ्या कामाबद्दल कधी बोलले नव्हते. माझं काम त्यांना परकं वाटत असावं. माझ्या लेखी ते त्यांच्याच कामाचं पुढचं टोक होतं.

मी म्हटलं, नुसतं जोडायचं तर आहे. त्यावर ते उसळले. “नुसतं म्हणू नकोस. इंडिकाची अख्खी लाइन जोडून आणलेली होती.” हे खरं आहे. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना टेल्कोने विकत घेतला. तिथे जाऊन तो सुटा केला, खुणा करून जहाजाने पुण्याला आणला आणि पुन्हा उभा केला. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेली इंडिका त्या लाइनवरून निघाली. म्हणजे कारखान्याचीच किट. मुळात आपल्याकडे गाडीचा कारखाना आला तोही किट जोडण्यासाठीच. फ्लिंटच्याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. तिथे सुटे भाग जहाजाने यायचे आणि जोडून गाडी बाहेर पडायची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनेही कुर्ल्यात सुरुवात क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यापासून केली. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदललं: इथे भाग बनवायचे असतील तर राहा, नुसतं जोडायचं असेल तर जा. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात जीएम आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. धोरण म्हणून ते बरोबरच होतं, त्यातूनच पुढे पिंपरी-चिंचवड उभं राहिलं. पण ‘नुसतं जोडणं’ हे आपण तेव्हापासून थोडं तुच्छतेने म्हणायला लागलो की काय, असं अण्णांच्या सुरावरून वाटून गेलं.

रविवारी ब्रेकमधली हवा काढली, कूलंट भरलं, वायरिंगची टोकं जोडली. विमावाल्यांच्या मुलाने फायरिंग ऑर्डर मोठ्याने म्हणत प्लगच्या वायरी लावल्या: १-३-७-२-६-५-४-८. वडील त्याच्यामागे उभे राहून प्रत्येक आकड्याला मान हलवत होते, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. पंप चालू करून पेट्रोलचा दाब पाहिला, कुठे गळत नाही ना म्हणून सगळे जोड हाताने चाचपले. किल्ली कोणी फिरवायची यावर चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली नाही. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. बॉडी नसलेली ती गाडी, नुसती चॅसी, दोन सीट आणि उघडं इंजिन, आवारात एक फेरी मारून आली. या अवस्थेला ही मंडळी गो-कार्ट म्हणतात आणि बरेच जण घरी महिनोन् महिने तिथेच थांबतात. पुढे बॉडी घासणं, जोडाच्या रेघा काढणं, लांबी भरणं, पुन्हा घासणं, रंग, आणि मग राज्याच्या नियमाप्रमाणे तपासणी, पावत्या, नोंदणी. सर्वांत कंटाळवाणं काम आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच. आमची गाडी शिकवण्याची होती, ती पुढच्या तुकडीसाठी पुन्हा सुटी होणार होती. पत्नी म्हणाली, मला वाईट वाटतंय. मोठे मास्तर म्हणाले, मला नाही, सोमवारी मला सुट्टी आहे.

“आपल्याकडे असं का नाही?” हा प्रश्न इथल्या मराठी मित्रांनी नंतर विचारलाच. उत्तर कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने कंपनीने दिलेल्या गाडीत मूलभूत बदल करता येत नाहीत, आणि नवीन नमुना रस्त्यावर आणायचा तर पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेची कसोटी पार करावी लागते. ती कारखानदारासाठी आखलेली आहे, गॅरेजातल्या एकट्या माणसासाठी नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, दत्तात्रय लोहारांनी साठेक हजार रुपयांत भंगारातून जीपसारखी छोटी गाडी बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१च्या अखेरीस तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आनंद महिंद्रांनी लिहिलं की नियमांत बसत नसल्याने ही गाडी कधी ना कधी रस्त्यावरून उतरवावी लागेल, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. लोहारांनी ती घेतली. शहाणपणाचा सौदा, असं सगळ्यांचं मत पडलं, माझंही. फक्त मनात येतं की लोहारांना कोणी किट दिली नव्हती, पुस्तिका नव्हती, पिवळी रेघ नव्हती. कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, हे त्यांनी एकट्याने शोधून काढलं असणार. बोलेरोच्या बातमीत या क्रमाबद्दल कोणीच त्यांना विचारलं नाही.

ऑफिसात परतल्यावर पुण्याच्या टीमबरोबर एका ब्रॅकेटचा आढावा होता. तीन बोल्ट, त्यातला एक पाइपच्या मागे. माझ्या गणितात तो उत्तम होता. ताण योग्य, सुरक्षिततेला जागा भरपूर. मी विचारलं, इथे पाना फिरेल?

“मॅम, मॉडेलमध्ये तर क्लिअर आहे,” पलीकडचा मुलगा म्हणाला. नोकरीला लागून त्याला दोन वर्षंही झाली नसतील.

“सॉकेट जाईल रे. रॅचेटची दांडी किती फिरेल?”

त्याने पडद्यावर दांडी लावून पाहिली, थोडा वेळ काही बोलला नाही. मी त्याच्या मॅनेजरला सांगून त्याला चाकणच्या लाइनवर एक अख्खी पाळी उभं राहायला पाठवलं. मॅनेजर नाखूश होता, एक दिवस वाया जाणार म्हणून. मुलगा परत आला तो एका ऑपरेटरने वहीच्या पानावर बॉलपेनने लिहून दिलेली यादी घेऊन: याच गाडीतले असे बोल्ट, जे दर पाळीला रडवतात. पाइपमागचा बोल्ट त्या यादीत चौथा होता. पहिले तीन आमच्या आढाव्यात कधी आलेच नव्हते.